विशेष मोटारवाहने : चालक व चालनसुरक्षा

सामान्य मोटारगाडी किंवा मालट्रक यांहून निराळ्या, एखाद्या ठराविक कामासाठी बांधलेल्या किंवा बदलून घेतलेल्या वाहनांस विशेष मोटारवाहने असे म्हणतात. रुग्णवाहिका, पाण्याचे व इंधनाचे टँकर, अग्निशामक बंब, शाळेच्या बसगाड्या ही त्यांची परिचित उदाहरणे होत. सार्वजनिक प्रवासी बसही तिच्या आकारामुळे, वेळापत्रकामुळे व चालकावरील जबाबदारीमुळे याच वर्गात विचारात घेणे सोयीचे असते. अशा वाहनाच्या चालकाला रस्त्याबरोबरच आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. मग ते टाकीतील हलते पाणी असो, मागे झोपविलेला रुग्ण असो की उभे असलेले प्रवासी असोत. चालकाची दृष्टी, अवधान, निर्णयशक्ती, झोप व थकवा, तसेच त्याची बसण्याची जागा व हाताशी असलेली साधने यांचा वाहनाच्या सुरक्षिततेशी जो संबंध असतो, तो ‘मानवी घटक’ या संज्ञेखाली अभ्यासला जातो.

अपघात झाला की दोष चालकाचा, ही समजूत मोटारीइतकीच जुनी आहे. चालक चुकला हे मान्य करूनही तो त्याच जागी, त्याच वेळी का चुकला, हा प्रश्न विचारण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत एसटीची बस, पाण्याचा टँकर व रुग्णवाहिका ही तिन्ही वाहने त्याच अरुंद घाटरस्त्यांवरून चालतात. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर कायद्यात व वाहनाच्या बांधणीत कोठवर उतरले आणि कोठे अडले, हे या भागात विशेष स्पष्टपणे दिसते.

पूर्वेतिहास : फ्रेंच सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमीनिक झां लारे (१७६६–१८४२) याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रणांगणावरील जखमींना त्वरेने हलविण्यासाठी हलक्या, स्प्रिंगा बसविलेल्या घोडागाड्या वापरात आणल्या. वेग वाढविला तर रुग्णाला हादरे बसतात आणि हादरे टाळले तर वेळ जातो, ही अडचण तेव्हाच पुढे आली. रुग्णवाहिकेपुढे ती आजही आहे.

चालकाचा प्रयोगशाळेतील अभ्यास मात्र मोटारीच्या नव्हे, तर विजेच्या ट्रामच्या चालकापासून सुरू झाला. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात काम करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबेर्ख (१८६३–१९१६) यांच्याकडे १९१२ मध्ये ट्रामचे अपघात कमी करण्याचा प्रश्न आला. चालकाची प्रतिक्रिया किती जलद आहे एवढेच मोजून भागणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी एका खिडकीखालून सरकणारी पत्रके तयार केली. पत्रकाच्या मधोमध ट्रामचा रूळ व दोन्ही बाजूंस अंक होते. १ हा अंक पादचारी, २ घोडागाडी व ३ मोटार दर्शवी. तांबडे अंक रुळाकडे येणारे, तर काळे अंक रुळाला समांतर जाणारे मानले जात. यांतील कोणता अंक रुळावर नेमका येऊन पोहोचेल, हे चालकाने ओळखावयाचे असे. समोर दिसणाऱ्या अनेक गोष्टींतून धोक्याची तेवढी निवडणे आणि ती पुढच्या काही क्षणांत कोठे असेल हे ताडणे हे चालकाचे खरे कौशल्य होय, ही त्यांची कल्पना आजही टिकून आहे. पॅरिसमध्ये झां मॉरीस लाय यांनी १९२० नंतरच्या दशकात ट्राम व बसच्या चालकांची निवड करण्यासाठी अशाच कसोट्या वापरल्या.

याच सुमारास इंग्लंडमध्ये अपघातांकडे आणखी एका दिशेने पाहिले गेले. मेजर ग्रीनवुड व हिल्डा वुड्स यांना १९१९ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील नोंदींत असे आढळले की, बरेचसे अपघात थोड्याच कामगारांच्या वाट्याला येतात. यावरून एरिक फार्मर व ई. जी. चेंबर्स यांनी १९२६ मध्ये ‘अपघातप्रवण’ माणसाची कल्पना मांडली. वाहतूक-संस्थांना ती साहजिकच पसंत पडली, कारण अपघात करणारा चालक शोधून काढून टाकला की काम संपते. पुढे या कल्पनेतील उणिवा दिसून आल्या. केवळ योगायोगानेही काहींच्या वाट्याला अधिक अपघात येतात; एका वर्षी अपघात करणारे चालक पुढच्या वर्षी तेच असतात असे नाही. शिवाय सर्वांचा धोक्याशी येणारा संबंध सारखा नसतो. सपाट हमरस्त्यावर बस नेणारा चालक आणि पावसाळ्यात घाटातून रोज ये-जा करणारा चालक यांची तुलना केवळ अपघातांच्या संख्येवरून करणे अन्यायाचे होय.

दृष्टिकोनातील खरा बदल दुसऱ्या महायुद्धात व विमानांच्या बाबतीत घडून आला. पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ या सदरात टाकलेले ४६० प्रसंग १९४७ मध्ये तपासले. अनेक ठिकाणी शेजारी शेजारी बसविलेले व हाताला सारखेच लागणारे दांडे चूक घडवून आणीत होते, असे त्यांना आढळले. अल्फान्स चापानिस यांनी तर चाके उतरविण्याच्या दांड्याला चाकासारखी व पंखाच्या झडपेच्या दांड्याला पाचरीसारखी मूठ बसवावी, असे सुचविले होते. माणूस बदलण्याऐवजी मूठ बदलावी, असा हा विचार होता. इंग्लंडमध्ये के. एफ. एच. मरेल यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये या शास्त्राची संघटना स्थापन झाली. अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन (१९२६–८५) यांनी १९७० च्या सुमारास अपघाताचे पूर्वी, प्रत्यक्ष आघाताच्या वेळी व नंतर असे तीन टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन व परिसर यांचा वाटा पाहणारा तक्ता रूढ केला. त्यामुळे अपघात टाळण्यात माणूस चुकला, तरी त्याचा जीव वाचविण्याचे काम वाहन व रस्ता यांच्याकडे उरते, ही गोष्ट धोरणकर्त्यांना मान्य करावी लागली.

घाटरस्त्याच्या संदर्भात या सर्वांहून उपयोगी ठरते ती जे. जे. गिब्सन व एल. ई. क्रुक्स यांची १९३८ मधील मांडणी. त्यांच्या मते चालकापुढे सदैव एक ‘सुरक्षित गमनक्षेत्र’ जिभेसारखे पसरलेले असते आणि त्याच्या आत वाहन थांबण्यास लागणारे अंतर सामावले पाहिजे. चालनाचे सारे कौशल्य या दोन क्षेत्रांतील फरक राखण्यात असते. डोंगराच्या आडव्या कड्याने वळणाच्या पलीकडचे दिसत नाही, तेव्हा गमनक्षेत्र आखूड होते. उतार, ओला रस्ता व जड भार यांमुळे थांबण्याचे अंतर मात्र वाढते. घाटात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

भारतातील कायदे : मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी मोटारबसची सार्वजनिक सेवा सुरू झाली. देशातील मोटारवाहनांसाठी १९१४ चा व नंतर १९३९ चा अधिनियम झाला. १९३९ च्या अधिनियमात परिवहन वाहनाच्या चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती देण्याची तरतूद होती. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरले. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरताच होता. ही उणीव १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ९१ व्या कलमाने भरून काढली व तीच तासमर्यादा परिवहन वाहन चालविणाऱ्या सर्वांना लावली. १९६१ चा अधिनियम पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली.

वाहनाच्या बांधणीकडे लक्ष जाण्यास अधिक काळ लागला. पुणे येथे १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व १९६७ मध्ये भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था स्थापन झाली. तरीही कित्येक वर्षे ट्रक नुसत्या सांगाड्याच्या रूपात विकले जात आणि चालकाची केबिन गावोगावचे बांधणीदार लाकूड व पत्रा वापरून उभारीत. चालकाचे डोळे किती उंचीवर यावेत, पाय ब्रेकपर्यंत किती सरळ राहावा, आघातात केबिन किती दबावी, या गोष्टी सुताराच्या अंदाजावर सोडलेल्या असत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी धोकादायक माल नेणाऱ्या चालकास वेगळे प्रशिक्षण बंधनकारक केले; पाण्याच्या टँकरला ते लागू नाही, कारण पाणी धोकादायक मालात मोडत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने टँकर, डंपर व शाळेच्या बसगाड्या यांसाठी ताशी ६० किमी. मर्यादेचे वेगनियंत्रक ठरविण्यात आले, तर रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांना त्यातून वगळण्यात आले. मध्यम व जड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित वाहनांना लागू झाला. चालकाला बसणारी उष्णता हा सुखसोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा विषय आहे, हे मान्य होण्यास एवढा काळ जावा लागला.

जव्हार व मोखाडा : मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात समाविष्ट झाले. जव्हार हे सु. ४५० मी. उंचीवरील पठारावर वसलेले असून त्याच्या पूर्वेस सु. २५ किमी. वर मोखाडा आहे. तेथून रस्ता तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरला व पुढे नासिकला जातो. पश्चिमेस तो विक्रमगड व मनोरकडे उतरतो. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांनी हा प्रदेश खोल दऱ्यांनी कापून काढला आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या जमातींची वस्ती विखुरलेल्या पाड्यांत असल्याने मुख्य रस्त्याहून महत्त्वाचे असतात ते पाड्यांना जोडणारे एकपदरी फाटे. पावसाळ्यात येथे २,५०० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, घाटात धुके दाटते व दरडी कोसळतात. बेसॉल्टचा कठीण खडक व तीव्र उतार यांमुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळा लागताच टंचाई सुरू होते. मार्च २०१९ मध्ये तोरंगण घाटात यात्रेकरूंची खाजगी बस दरीत कोसळून प्राणहानी झाली. अशा घटनेनंतर वृत्तांत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे शब्द हटकून येतात. मात्र ताबा सुटणे हे अपघाताचे वर्णन होय, कारण नव्हे.

धुक्याबाबत एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. दृश्य फिके झाले की चालकाला स्वतःचा वेग असतो त्याहून कमी भासतो, असा निष्कर्ष १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. २०१२ मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगांत, दूरचे अधिक अंधुक व जवळचे कमी अंधुक अशा खऱ्या धुक्यासारख्या स्थितीत, याच्या उलट आढळले. म्हणजे धुक्यातील वाहने केवळ दृष्टिभ्रमामुळे वेगात जातात असे म्हणता येत नाही. वेळापत्रक, सवय आणि पुढच्या वाहनाचे दिवे नजरेआड होऊ न देण्याची ओढ हीही कारणे पाहावी लागतात.

एसटी बस : महाराष्ट्रातील राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. डोंगराळ तालुक्यांत एसटी पोहोचली तेव्हा रस्ते बहुधा खडीचे होते. बसच्या चालककक्षाची जुनी रचना अनेकांना आठवत असेल. इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या आवरणाखाली असे. त्याची उष्णता व आवाज दिवसभर सोसावा लागे. स्टिअरिंगला यांत्रिक साहाय्य नसल्याने घाटातील प्रत्येक वळण दंडाच्या बळावर घ्यावे लागे. बसून करावयाच्या या कामाचे परिणाम तात्काळ दिसत नाहीत. लंडनमधील बसगाड्यांचे चालक व वाहक यांचा जेरी मॉरिस (१९१०–२००९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांत हृद्रोहिणीचा विकार अधिक आढळला. एकाच गाडीत, एकाच वेळी काम करणाऱ्या दोन माणसांच्या प्रकृतीतील हा फरक जगभर उद्धृत केला जातो.

जव्हार–मोखाड्यासारख्या भागात चालकाच्या थकव्याचा विचार करताना ‘मुक्कामी गाडी’ची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. संध्याकाळी उशिरा शेवटच्या गावी पोहोचणारी बस रात्री तेथेच थांबते आणि पहाटे विद्यार्थी, रुग्ण व बाजारकरी यांना घेऊन परत फिरते. गावाच्या दृष्टीने ही मोठी सोय असते. शहराशी त्या दिवसापुरता तोच एक धागा. चालक व वाहक मात्र गाडीतल्या बाकावर, देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपतात. डास, थंडी, शौचालयाचा अभाव यांमुळे ही झोप तुटक असते. हजेरीपत्रकावर दोन पाळ्यांमधील विश्रांतीचे तास पुरेसे दिसतात. कायदा तास मोजतो, झोप मोजत नाही. दीर्घ जागरणाचा परिणाम मद्याच्या परिणामाशी ताडून पाहणारा प्रयोग ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात केला. सतरा तासांच्या सलग जागरणानंतर हाताडोळ्यांचा मेळ रक्तातील ०·०५ टक्के मद्याइतका घसरतो, असे त्यात दिसून आले. भारतीय कायद्याने वाहनचालकासाठी ठरविलेली मर्यादा १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ., म्हणजे ०·०३ टक्के आहे. मद्याची चाचणी रस्त्यावर घेता येते. जागरणाची घेता येईल असे साधे साधन नाही. विनाअपघात सेवेबद्दल चालकांचा गौरव करण्याची एसटीतील प्रथा चांगली आहे, परंतु तिचा रोखही पुन्हा व्यक्तीकडेच आहे. मुक्कामाच्या गावी दाराला कडी असलेली एक खोली व पाण्याची बादली असणे, हा सुरक्षिततेचा स्वस्त उपाय सहसा त्या दृष्टीने पाहिला जात नाही.

पाण्याचा टँकर : मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला दररोज सु. ४५५ दशलक्ष लि. पाणी मिळते. हे पाणी १०,००० लि. च्या सु. ४५,५०० टँकरांइतके होते. त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. या विसंगतीची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती भरून काढणाऱ्या चालकाची फारशी झालेली नाही.

१०,००० लि. पाण्याचे वजन १० टन होते; टाकी व वाहन मिळून भरलेला टँकर सु. १६ टनांचा असतो. असा टँकर ४०० मी. उंची उतरतो, तेव्हा सु. ६·३ कोटी जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने सु. १८५ लि. पाणी साध्या तापमानापासून उकळेल. ही ऊर्जा केवळ ब्रेकच्या ड्रममध्ये जिरविली, तर ते तापून त्यांची पकड कमी होते व पायाखालचा ब्रेक ‘लागत नाही’. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा व इंजिनाच्या रोधाचा उपयोग करावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडण्याची सवय या दंडकाच्या नेमकी विरुद्ध आहे. इंधनाचा खर्च ज्याच्या माथी असतो त्यालाच ही सवय लागते.

पाणी हा भार इतर मालासारखा स्थिर नसतो. भरगच्च टाकीत ते जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. रिकाम्या टाकीचा प्रश्नच नाही. अर्धवट भरलेली टाकी मात्र सर्वांत धोक्याची असते. साडेचार मी. लांबीच्या टाकीत पाऊण मी. खोल पाणी असून आत आडपडदे नसतील, तर पाण्याची लाट सव्वातीन सेकंदांच्या आसपास एक हेलकावा पूर्ण करते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत आली असतानाच लाट पुढच्या भिंतीवर आदळते आणि गाडीला पुन्हा पुढे ढकलते. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला चढून गुरुत्वमध्य सरकवते. टाकीत आडपडदे बसविल्यास पुढेमागे होणारी लाट मोडते; बाजूंकडे होणारी हालचाल मात्र त्यांनी फारशी थांबत नाही. जड व उंच भाराची वाहने गुरुत्वप्रवेगाच्या तीन-दशांशाच्या आसपास बाजूचा प्रवेग आला तरी उलटू शकतात. ३० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किमी. वेगाने हा प्रवेग ०·२४ पट असतो, तर ताशी ३५ किमी. वेगाने ०·३२ पट. सुरक्षित वळण व उलटणे यांतील फरक ताशी ५ किमी. इतकाच आहे. चालकाला हा फरक अंगाला जाणवत नाही, कारण केबिन सरळ असताना मागची टाकी आधीच कलू लागलेली असते. ताशी ६० किमी. चा वेगनियंत्रक येथे निरुपयोगी आहे, हे वेगळे सांगावयास नको.

टाकी अर्धवट राहते ती कामाच्या स्वरूपामुळे. एकाच खेपेचे पाणी दोन पाड्यांना वाटावयाचे असले, की पहिल्या पाड्यावर निम्मे पाणी सोडून चालक उरलेले घेऊन पुढच्या, बहुधा अधिक अरुंद व अधिक चढाच्या वाटेला लागतो. म्हणजे सर्वांत वाईट भार सर्वांत वाईट रस्त्यावर येतो. दिवसाच्या खेपा ठरलेल्या असतात. पाणी भरण्याच्या ठिकाणी वीज गेली की रांग लागते आणि गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढला जातो. उशिरा पोहोचणाऱ्या चालकाला पाड्यावर जो रोष सोसावा लागतो, तोही या घाईत मिळवावयास हवा. तहानलेल्या माणसांसमोर तोच पुरवठ्याचा एकमेव दृश्य प्रतिनिधी असतो.

शेवटचा धोका विहिरीपाशी असतो. पुष्कळ ठिकाणी टँकर मागे घेऊन पाणी गावच्या विहिरीत सोडले जाते व तेथून ते पोहऱ्यांनी शेंदले जाते. टँकरचा आवाज येताच हंडे-कळशा घेऊन बायका व मुले धावत येतात. मागे येणाऱ्या टँकरच्या चालकाला टाकीच्या थेट मागचा भाग आरशात दिसत नाही. टाकीच्या उंचीमुळे मागच्या खिडकीचाही उपयोग नसतो. जमीन ओली होऊन चाक घसरते, विहिरीचा कठडा कधी असतो, कधी नसतो. मागे उभा राहून इशारा देणारा क्लीनर हे येथील खरे सुरक्षासाधन होय, आणि खर्च वाचविताना सर्वांत आधी कमी होणारा माणूसही तोच. चाके अडविण्यासाठी लाकडी ठोकळा, मागे घेताना वाजणारा भोंगा व गर्दीसाठी चुन्याने आखलेली रेघ एवढ्यानेही धोका बराच कमी होतो.

रुग्णवाहिका : जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात १९९२–९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे या भागातील आरोग्यसेवेच्या अभावाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. जव्हार येथे पतंगशाह कुटीर रुग्णालय व मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णास बहुधा सु. ८० किमी. वरील नासिकला हलवावे लागते. पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळी किंवा डोली व तेथून पुढे रुग्णवाहिका, असा हा प्रवास असतो. १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिच्या चालकास ‘पायलट’ म्हणण्याची रीत आहे.

या चालकावरचा ताण टँकरचालकाहून निराळा असतो. रुग्णाच्या नातेवाइकांची घाई, पाठीमागून येणारा कण्हण्याचा आवाज आणि भोंगा यांमुळे वेग वाढविण्याकडे मन ओढले जाते. परंतु घाटात वेग वाढवून वाचणारा वेळ थोडा असतो. ८० किमी. अंतर ताशी ४० किमी. ऐवजी ४५ किमी. सरासरीने कापले, तर सु. १३ मिनिटे वाचतात. पाड्यावरून रस्त्यापर्यंत येण्यात व रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात याहून कितीतरी अधिक वेळ जातो. मागच्या कक्षातील वैद्य किंवा परिचारक रुग्णावर उपचार करताना पट्टा बांधू शकत नाही. अचानक ब्रेक लागल्यास इजा प्रथम त्याला होते. रुग्णवाहिकांच्या बांधणीचे मानक केंद्र शासनाने २०१६ मध्ये अधिसूचित केले. त्यात त्यांचे चार प्रकार ठरवून आसने, रुग्णशय्येची पकड, उपकरणांची बांधणी व दिवे यांविषयी अटी घालण्यात आल्या. रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रु. दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. एकपदरी फाट्यावर समोरून टँकर आला, तर मात्र कोणाचीही इच्छा असली तरी वाट देण्यास जागा नसते. तेथे उपयोग असतो तो ठराविक अंतरावर रुंद केलेल्या बाजूपट्टीचा.

वीटभट्ट्या व बांधकामे यांसाठी भिवंडी, वसई इ. भागांकडे होणाऱ्या हंगामी स्थलांतरात कुटुंबे सामानासह टेम्पो व ट्रकमधून नेली जातात. मालवाहनातून माणसे नेणे बेकायदेशीर असले, तरी ते चालू राहते. येथेही भार हलता असतो व तो कड्याला धरून उभा असतो.

अपघातांच्या नोंदी : २०२२ मध्ये भारतातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू शासकीय अहवालात अतिवेगाच्या सदरात आहेत. ही वर्गवारी प्रामुख्याने पोलिसांच्या प्रथमदर्शनी मतावर आधारलेली असते. वेग किती होता हे जड वाहनाच्या बाबतीत क्वचितच मोजलेले असते. यूरोपात १९७० च्या नियमाने जड वाहनांत वेग व चालनाचे तास आपोआप नोंदविणारे टॅकोग्राफ आणण्यास प्रारंभ झाला. भारतात त्या प्रकारची सक्ती झाली नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत अपघातनोंदींची एकात्मिक संगणकीय पद्धत सुरू झाली. तीत पोलिसांनी घटनास्थळी भरलेल्या माहितीला परिवहन विभागाने वाहनाची, बांधकाम विभागाने रस्त्याची व आरोग्य विभागाने जखमांची माहिती जोडावयाची असते. हॅडन यांच्या तक्त्यातील रकाने त्यामुळे प्रथमच सरकारी कागदावर आले. मंत्रालयाच्या २०२२ च्या वार्षिक अहवालातील वाहतूकनियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, मद्यप्राशन, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे, लाल दिवा ओलांडणे व मोबाइलचा वापर अशी सदरे आहेत. थकवा किंवा अपुरी झोप असे सदर त्यात नाही. असे अपघात ‘इतर’ या सदरात किंवा अतिवेगात जमा होतात.